नव्याने आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचा आहार

शेतकऱ्याच्या घरी गाईगुरांच्या वैरणीचा विचार होतो, शेळ्यांच्या पाल्याचा होतो, कोंबड्यांच्या दाण्याचाही होतो. कुत्र्याच्या पिल्लाविषयी मात्र सर्वसाधारण समजूत अशी की, घरात उरलेसुरले त्याच्या परळात टाकावे, ते खाईल आणि आपोआप वाढेल. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत ही समजूत काही अंशी निभावून जाते. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाच्या बाबतीत ती बहुधा घातक ठरते. हौसेने घरी आणलेली कित्येक पिल्ले पहिल्या पंधरवड्यातच दगावतात किंवा पायाने वाकडी व पोटाने मोठी अशी खुरटलेली राहतात. पुढे हाच कुत्रा वस्तीची, मेंढरांची व उभ्या पिकाची राखण करणार असतो. तेव्हा त्याच्या आहाराचा विचार ही चैन नव्हे.

या विषयाकडे माझे लक्ष गेले ते माझ्या स्वतःच्या चुकीमुळे. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका वस्तीवर कांद्याची चाळ पाहण्यास गेलो असता तेथील मुलांनी महिन्याभराचे एक पिल्लू नुकतेच आणले होते. घरच्या मावशींनी विचारले, “साहेब, याला काय घालू?” शेतकी पदवीच्या अभ्यासात वासराचे चीक-दुधाचे कोष्टक मी तोंडपाठ केले होते. त्याच भरवशावर मी म्हणालो, “मावशी, दूध पाजा भरपूर.” घरी म्हैस दुभती होती. मुलांनी वाटीमागून वाटी पाजली. रात्रीतून पोट फुगले, सकाळी ढाळ सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी पिल्लू गेले. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी नंतर समजावून सांगितले की, पोटात जंत होतेच. शिवाय ते आईपासून वेळेआधी तोडलेले होते. एकट्या दुधाचा दोष धरता येत नाही. पण ढाळांना निमित्त झाले ते दूध आणि तो सल्ला माझा होता. पुढच्या वर्षी त्याच घरी दुसरे पिल्लू आले. त्या वेळी आम्ही जे पाळले, तेच पुढे क्रमाने दिले आहे. ते पिल्लू आज त्या चाळीची राखण करीत आहे.

आईपासून केव्हा तोडावे?

कुत्रीचे पिल्लू जन्मतः आंधळे असते. सुमारे दहा ते चौदा दिवसांनी त्याचे डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात व तेव्हापासून ते आईच्या दुधाबरोबर थोडे मऊ अन्न चाटू लागते. आईचे दूध पूर्णपणे सुटण्यास सात ते आठ आठवडे लागतात. म्हणून आठ आठवडे पूर्ण झाल्याखेरीज पिल्लू घरी आणू नये. केंद्र शासनाच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांनीही आठ आठवड्यांच्या आतील पिल्लाची विक्री करण्यास मनाई केली आहे. विकत न घेता शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या पिल्लालाही हाच दंडक लावावा.

कुत्री मेल्यामुळे किंवा पिल्लू रस्त्यावर सापडल्यामुळे ते लवकर आणावे लागले, तर गोष्ट निराळी. चार आठवड्यांच्या आतील पिल्लास पिल्लांसाठी तयार केलेली दूधभुकटी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. ती हाती येईपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून पाव लिटर निर्भेळ दूध उकळून कोमट करावे, त्यात अंड्याचे तीन पिवळे बलक व चमचाभर खाद्यतेल घोटून घ्यावे आणि ते थोडे थोडे दर तीन-चार तासांनी पाजावे. पाजताना पिल्लास पालथे, पोटावर धरावे. तान्ह्या मुलासारखे उताणे धरून पाजल्यास दूध श्वासनलिकेत उतरते. पोटास गोणपाटाची किंवा जुन्या कापडाची ऊब मिळाली पाहिजे. गारठलेल्या पिल्लास अन्न पचत नाही.

दुधाविषयीचा गैरसमज

कुत्रीच्या दुधात स्निग्धांश सुमारे ८ ते १० टक्के व प्रथिने सुमारे ७ ते ८ टक्के असतात. गाईच्या दुधात स्निग्धांश ४ टक्क्यांच्या आसपास व प्रथिने ३ टक्क्यांहून थोडी अधिक असतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ७ टक्क्यांपर्यंत जातो, पण प्रथिने ४ टक्क्यांच्याच आसपास राहतात. उलट दुधातील साखर कुत्रीच्या दुधात कमी, तर गाई-म्हशीच्या दुधात सुमारे ५ टक्के असते. ही साखर पचविण्याची शक्ती पिल्लू मोठे होत जाईल तसतशी कमी होते. न पचलेली साखर आतड्यात आंबते, वायू धरतो व ढाळ लागतात.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली अशी की, दुधावर पिल्लाचे पोट भरू नये. जेवणात मिसळण्यापुरते थोडे दूध पचत असेल तर चालेल. दुसरी अशी की, ‘दूध जड पडते’ म्हणून त्यात पाणी घालणे हा उपाय नव्हे. मुळातच पातळ असलेले दूध त्यामुळे अधिक निःसत्त्व होते. पोट भरल्यासारखे दिसते, पण अंगी काही लागत नाही. दुधापेक्षा ताजे, आंबट न झालेले दही बरे. दही विरजताना साखरेचा काही भाग कमी झालेला असतो.

पहिले तीन दिवस

पिल्लू आणताना पूर्वीच्या धन्यास एकच प्रश्न अवश्य विचारावा: “आजवर ते काय खात होते?” पहिले तीन दिवस तेच अन्न, त्याच रीतीने द्यावे. आई व भावंडे सुटल्याचा ताण पिल्लावर असतोच. त्यात अन्नही एकाएकी बदलले की पोट बिघडते. त्यानंतर जुन्या अन्नात चौथा हिस्सा नवे अन्न मिसळावे, दोन दिवसांनी निम्मे, पुढे पाऊण, असे करीत आठवड्याभरात नव्या आहारावर आणावे.

पहिल्या दिवशी शेजारीपाजारी व मुले पिल्लास पेढा, बिस्किट, चपातीचा तुकडा असे काहीना काही भरवितात. हे प्रेमाचे असले तरी थांबविले पाहिजे. घरातील एकाच व्यक्तीने अन्न घालावे, म्हणजे किती दिले व किती खाल्ले याचा हिशेब राहतो. स्वच्छ पिण्याचे पाणी उथळ भांड्यात सदैव समोर असावे व ते दिवसातून दोनदा बदलावे.

दिवसातून किती वेळा?

पिल्लाचे पोट लहान, पण वाढीची गरज मोठी. वजनाच्या मानाने त्याला मोठ्या कुत्र्याच्या दुपटीहून अधिक आहार लागतो. तो एका वेळी पोटात मावत नाही. म्हणून थोडे, पण वारंवार द्यावे हाच मुख्य नियम होय.

दोन ते तीन महिने वयापर्यंत दिवसातून चार वेळा, तीन ते सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि सहा महिन्यांनंतर वर्षभराचे होईपर्यंत दोन वेळा जेवण द्यावे. चार वेळा द्यावयाचे असल्यास सकाळी ७, दुपारी १२, सायंकाळी ५ व रात्री ९ या वेळा सोयीच्या पडतात. वीस मिनिटांत पिल्लू जे खाईल ते त्याचे; उरलेले उचलून टाकावे. दिवसभर परळात पडलेले अन्न उन्हाळ्यात दुपारपर्यंतच आंबते व त्यावर माश्या बसतात. लहान चणीच्या पिल्लास फार वेळ उपाशी ठेवल्यास ते गळून पडते व थरथरू लागते. अशा वेळी हिरड्यांना साखरेचे वा गुळाचे पाणी चोळावे, ऊब द्यावी व त्यास त्वरित पशुवैद्यकाकडे न्यावे.

एका दिवसाचा आहार

आठ आठवड्यांच्या, सुमारे २ किलो वजनाच्या पिल्लास दिवसभरात पुढील प्रमाणात अन्न लागते. त्याचे चार समान भाग करावेत.

मांसाहारी घरात:
मऊ शिजविलेला भात किंवा ज्वारीच्या कण्या — १२० ग्रॅम, म्हणजे सुमारे एक वाटी.
हाडे काढलेले, उकडलेले कोंबडीचे मांस — ६० ग्रॅम.
उकडलेले अंडे — एक.
ताजे दही — ५० ग्रॅम, म्हणजे सुमारे तीन मोठे चमचे.

शाकाहारी घरात:
मऊ भात किंवा कण्या — ८० ग्रॅम.
घट्ट शिजविलेले बिनफोडणीचे मुगाचे वरण — १०० ग्रॅम.
पनीर, म्हणजे फाडलेल्या दुधाचा चोथा — ५० ग्रॅम.
ताजे दही — ५० ग्रॅम.

शाकाहारी आहारात प्रथिने जेमतेम पुरतात. घरात चालत असल्यास निदान एक अंडे त्यात घालावे. तेही चालत नसेल, तर आहाराचा काही भाग पाकीटबंद खाद्याचा ठेवावा. असे खाद्य घेताना ते वाढत्या पिल्लांसाठी आहे, असे पाकिटावर छापलेले पाहून घ्यावे. मोठ्या कुत्र्यांचे खाद्य पिल्लास देऊ नये. पाकिटावर वजनानुसार प्रमाण दिलेले असते ते पाळावे व कोरडे खाद्य आरंभी कोमट पाण्यात भिजवून मऊ करून द्यावे.

वरील सर्व पदार्थ मीठ, मिरची व फोडणी न घालता शिजवावेत आणि कोमट असताना हाताने कुस्करून एकजीव करावेत. भाकरी द्यावयाची असल्यास ती भाताच्या ऐवजी द्यावी. मांस, अंडे किंवा वरण यांच्या ऐवजी देऊ नये. नुसत्या भाकरी-ताकावर पिल्लू जगेल, पण त्याची हाडे व स्नायू भरणार नाहीत.

पिल्लू ३ किलोचे झाले म्हणजे वरील प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने वाढवावे. चार महिन्यांच्या आत ते ५ किलोचे झाल्यास प्रमाण जवळजवळ दुप्पट करावे. चार महिन्यांनंतर वाढीचा वेग मंदावतो. तेव्हा वजनाच्या मानाने आहार थोडा आवरता घ्यावा.

चुना व हाडांची वाढ

घरच्या शिजविलेल्या अन्नात कॅल्शियम व फॉस्फरस ही द्रव्ये कमी पडतात. ती न मिळाल्यास पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात व पिल्लू लंगडते. मांसात फॉस्फरस काही अंशी असते, पण कॅल्शियम अत्यल्प. त्यामुळे नुसते मांस घातलेले पिल्लूही याच रोगास बळी पडते. म्हणून पशुवैद्यकाकडून पिल्लाच्या वजनाप्रमाणे खनिज मिश्रणाचे प्रमाण लिहून घ्यावे व ते रोजच्या अन्नात मिसळावे. मनाने अधिक देऊ नये. मोठ्या चणीच्या जातींत अधिक झालेले कॅल्शियमही हाडांची वाढ बिघडविते. पाकीटबंद पिल्लू-खाद्यावर वाढविलेल्या पिल्लास वेगळे कॅल्शियम सहसा लागत नाही.

काय देऊ नये?

१. कांदा व लसूण, कच्चा असो वा शिजविलेला. यांमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. आपल्या आमटीत व कालवणात कांदा-लसूण असतोच. म्हणून पिल्लाचे अन्न फोडणीपूर्वीच काढून ठेवावे.

२. द्राक्षे, मनुका व बेदाणे. यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असा अलीकडील निष्कर्ष आहे. चिंचेतही हे आम्ल असते, तेव्हा चिंचेचे पदार्थही टाळावेत. नाशिक व सांगली भागातील द्राक्ष बागाईतदारांनी शेडमध्ये सांडलेला बेदाणा पिल्लाच्या तोंडी लागणार नाही, अशी काळजी घ्यावी.

३. शिजविलेली हाडे. शिजल्यावर हाड ठिसूळ होते, त्याच्या अणकुचीदार चिपा निघतात व त्या घशात किंवा आतड्यात रुततात. कोंबडीची हाडे विशेष धोक्याची.

४. चहा, कॉफी, चॉकलेट व मिठाई; तसेच कच्ची, आंबवलेली कणीक.

५. माणसांची औषधे. तापाची वा अंगदुखीची गोळी अर्धी करून पिल्लास देण्याची चाल जीवघेणी आहे.

६. कीटकनाशकाचे किंवा बियाण्यास चोळावयाच्या औषधाचे रिकामे भांडे, कितीही धुतलेले असले तरी, पिल्लाच्या अन्नासाठी वापरू नये. उंदरांसाठी ठेवलेल्या आमिषापासून पिल्लू दूर बांधावे.

७. कच्चे मांस व कापलेल्या जनावराची आतली इंद्रिये. जत्रेत वा लग्नकार्यात बोकड कापल्यावर पाण्याच्या फोडांनी भरलेली काळीज-फुप्फुसे कुत्र्यापुढे टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. या फोडांत एका लहान पट्टकृमीची पिल्ले असतात. ती कुत्र्याच्या आतड्यात वाढतात, त्यांची अंडी विष्ठेवाटे गवतावर, भाजीवर व मुलांच्या हातांवर जातात आणि तसेच फोड माणसाच्या यकृतात व फुप्फुसांत होतात. सबब असे अवयव खोल पुरावेत किंवा जाळावेत. कुत्र्यास द्यावयाचे मांस नेहमी पूर्ण शिजवून द्यावे.

जंत असतील तर अन्न वाया जाते

पिल्लास गोल जंत बहुधा आईच्या गर्भातच लागतात व पुढे तिच्या दुधातूनही येतात. पोट नगाऱ्यासारखे, फासळ्या वर आलेल्या, केस राठ आणि भूक मात्र भरपूर, अशी लक्षणे दिसल्यास अन्न वाढवून उपयोग नाही. आधी जंत पाडले पाहिजेत. दोन आठवड्यांच्या वयापासून आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी व त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंतनाशक द्यावे, ही रूढ पद्धत आहे. औषधाचा डोस वजनावर ठरतो, म्हणून तो पशुवैद्यकाकडूनच घ्यावा. हे जंत मुलांनाही बाधतात. पिल्लाची विष्ठा रोज उचलून पुरावी व मुलांनी पिल्लाशी खेळल्यावर साबणाने हात धुवावेत.

ढाळ लागल्यास

पिल्लू हुशार आहे, खेळते आहे, फक्त विष्ठा पातळ झाली आहे, तर दूध बंद करावे आणि मऊ भात, उकडलेले मांस किंवा दही थोड्या थोड्या अंतराने द्यावे. पाणी तोडू नये. लहान पिल्लास उपवास घडवू नये.

परंतु उलट्या, रक्ताचे दुर्गंधीयुक्त ढाळ, अन्नावरील वासना उडणे किंवा सुस्ती यांपैकी काहीही दिसल्यास तो आहाराचा दोष समजून घरी वेळ घालवू नये. पार्व्हो या विषाणूच्या रोगाची लक्षणे अशीच असतात व तो एक-दोन दिवसांत पिल्लू घेऊन जातो. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. या रोगावरील व इतर रोगांवरील संयुक्त लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने टोचतात. पिसाळ रोगाची लस तीन महिन्यांच्या वयास अवश्य टोचून घ्यावी व पुढील मात्रांच्या तारखा लिहून ठेवाव्यात. उत्तम आहाराने वाढविलेला, पण लस न टोचलेला कुत्रा हा घराचा रक्षक नसून घरास धोका आहे.

वाढ नीट होते आहे, हे कसे ओळखावे?

आठवड्यातून एकदा पिल्लू टोपलीत बसवून भाजीच्या तराजूवर तोलावे व टोपलीचे वजन वजा करावे. मोठेपणी १५ किलोच्या आसपास भरणाऱ्या गावठी कुत्र्याचे पिल्लू या वयात आठवड्यास पाव किलो किंवा थोडे अधिक वाढावयास हवे. एक आठवडा वजन मुळीच वाढले नाही, तर जंत, अपुरा आहार किंवा आजार यांपैकी काहीतरी आहे असे समजावे. फासळ्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांत भरू नयेत, हे सर्वसाधारण माप आहे. कारवान व पश्मी हे शिकारी बांध्याचे कुत्रे जातीनेच सडपातळ असतात. त्यांची एखादी-दुसरी फासळी दिसली म्हणून त्यांना खाऊ घालून लठ्ठ करू नये.

त्या वस्तीवरच्या मावशींनी दुसऱ्या पिल्लाची वजने कांद्याच्या पट्टीशेजारी, भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली होती. पहिल्या आठवड्याचा आकडा दोन किलोच्या आत होता. तिसऱ्या आठवड्यात आकडा पुढे सरकला नाही. त्या दिवशी त्या पिल्लू पिशवीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या. जंत पडले आणि चौथ्या आठवड्यात आकडा पुन्हा वाढला. भिंतीवरच्या त्या ओळीमुळे खोट वेळीच कळली. पहिल्या पिल्लाच्या वेळी आमच्याकडे ती ओळ नव्हती.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

गावात कुत्री व्याल्याचे कळताच त्या घरी जाऊन पिल्ले आठ आठवडे आईपाशी ठेवण्यास सांगावे आणि कुत्रीलाही या काळात पोटभर खाणे मिळेल असे पाहावे. पिल्लू नेणाऱ्या घरी चार गोष्टी लिहून द्याव्यात: जेवणाच्या वेळा, दिवसाचे प्रमाण, जंतनाशकाच्या तारखा व लसीच्या तारखा. जत्रेपूर्वी खाटीक व मेंढपाळ यांना फोडांच्या काळजाविषयी सांगावे. ज्या बाबतीत स्वतःस खात्री नाही, त्या बाबतीत वासराच्या किंवा शेळीच्या ज्ञानावरून अंदाजाने सल्ला देऊ नये, पशुवैद्यकाकडे पाठवावे. एखाद्या घरची मुले डोळे पुसत उभी राहिलेली पाहण्यापेक्षा ‘विचारून सांगतो’ असे म्हणणे केव्हाही चांगले.

सारांश: पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्यावर आणावे. पहिले तीन दिवस जुनेच अन्न द्यावे. दुधावर भर न देता मऊ, ताजे, बिनमसाल्याचे व प्रथिनयुक्त अन्न दिवसातून चार वेळा थोडे थोडे घालावे. कांदा, लसूण, बेदाणे, हाडे व कच्चे मांस टाळावे. जंतनाशक व लस चुकवू नये आणि दर आठवड्यास वजन करावे.